समुद्र सोडून आलेलं इंजिन

जमिनीवर इतका मनापासून अविश्वास असलेला माणूस माझ्या मैत्रिणीच्या वडिलांखेरीज जगात दुसरा नसेल. जमीन म्हणजे तात्पुरता आटलेला समुद्र, असं त्यांचं ठाम मत आहे. जन्म वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, हयात होडीवर गेली, आणि उतारवयात नाइलाजाने ते किनाऱ्यावर राहायला आले. मी त्यांना काका म्हणते. अंधेरीच्या बाजारात काकांना पाहावं, परक्या बंदरात उतरलेल्या खलाशासारखे सावध चालत असतात.

होडी का गेली हे नीट सांगायचं तर मला एक पत्रक लिहावं लागेल, आणि ती खोड मला आहेच. आमच्या घरी बाराखडीसुद्धा चळवळीच्या पत्रकांवरूनच शिकवली. थोडक्यात एवढंच, की सगळ्या उपनगराने आपली घाण खाडीत सोडली, मोठ्या मालकांच्या बोटी खोल पाण्यात दिवे लावून मासळीची पिल्लंसुद्धा उपसू लागल्या, आणि ज्यांनी काहीच बिघडवलं नव्हतं त्यांच्या होड्या मोडीत निघाल्या. काकांच्या होडीचं लाकूड गेलं, जाळी गेली. इंजिन मात्र त्यांनी दिलं नाही. कुठूनशी एक जुनी जीप आणली, चारही चाकांना ओढ असलेली, पण जिचं स्वतःचं इंजिन केव्हाच मेलं होतं. गोरेगावचा एक मेकॅनिक गाठला आणि होडीचं इंजिन त्या जीपमध्ये बसवलं. परवानगीसाठी गेले तेव्हा साहेबाने विचारलं, "हे इंजिन आधी कुठल्या गाडीत होतं?" काका म्हणाले, "गाडीत नाय सायेब, पाण्यात होतं." त्या एका उत्तरापायी त्यांना किती खेटे घालावे लागले हे मला ठाऊक आहे, कारण कागद पुरे झाल्याशिवाय मी जीपमध्ये पाय ठेवणार नाही असं मीच बजावलं होतं. तत्त्वतः मी खाजगी मोटारींच्या विरोधात आहे. पण काकांची ती मोटार आहे असं काकांनाच वाटत नसल्यामुळे मला जरा मोकळीक मिळाली.

जीपच्या पुढच्या भागाला ते होडीसारखं 'नाळ' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात डावं-उजवं नसतं. वळायचं ते देवळाच्या अंगाला किंवा वाऱ्याच्या अंगाला. होडीला ब्रेक नसतो, त्यामुळे ब्रेकवर त्यांची श्रद्धा नाही. लांबवर सिग्नल दिसला की ते इंजिन मंद करतात आणि जीप हळूहळू वाहत जाऊन सिग्नलला लागेल याची वाट पाहतात. मागून रिक्षावाले जे बोलतात ते छापण्यासारखं नाही. काका हात वर करून त्यांना आशीर्वाद दिल्यासारखं करतात. नारळी पौर्णिमेला हार जीपला नाही, बॉनेट उघडून इंजिनाला घालतात. "गाडी काय, पत्रा हाय. खरा मालक आत बसलाय." आणि मागच्या सीटखाली होडीचा नांगर, दोरखंडासकट. "काका, जमिनीवर नांगर कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तू जमीन बघितलीस कुठं? तू डांबर बघितलंस."

माझ्या मैत्रिणीचं मात्र डोकं फिरलं होतं. गल्लीत ती जीप उभी, शेजारी रोज भांडायला दारात. शेवटी तिने अट घातली, "बाबा, एकदाच लांब फिरवून आण. स्वतःच्या चाकांवर परत आली तर ठेव जन्मभर. दुसऱ्या गाडीला बांधून आणावी लागली तर डायरेक्ट भंगारवाला. बोल, मंजूर?" काका म्हणाले, "मंजूर." तिला सुट्टी नव्हती, म्हणून साक्षीदार म्हणून मला पाठवलं. "तुला खोटं बोलता येत नाही ना यार, त्याचा कधीतरी उपयोग होऊ दे."

कुठे जायचं ते काकींनी ठरवलं. काकी म्हणजे मैत्रिणीची आई, आयुष्यभर बाजारात मासळी विकलेली बाई. त्यांच्यात बायका होडीवर चढत नाहीत. हे कळल्यावर मी लगेच पेटले, पण काकींनी माझ्यावर पाणी ओतलं. "चढून काय करू? उलट्या?" मग म्हणाल्या, "पण या इंजिनानं माझं सगळं घर ओढलं गो, मला एकदा पण बसवलं नाय." त्यांची एवढीच इच्छा होती, की जिथे मासळी नाही, खारा वारा नाही, अशी कोरडी जागा एकदा बघायची. कोणीतरी सांगितलं, कच्छचं छोटं रण. निघालो.

मी कबूल करते की इतकं देखणं काम करणारं यंत्र मी पाहिलेलं नाही. वेग म्हणाल तर हायवेवर आम्हाला ट्रॅक्टरनेसुद्धा मागे टाकलं. पण ओढ! एका ढाब्याजवळ कांद्यांचा भरलेला टेम्पो चिखलात रुतला होता. चार-पाच जण ढकलून थकले होते. काकांनी दोरखंड बांधला, जीपची धडधड जेमतेम वाढवली, आणि टेम्पो चिखलातून असा वर आला जणू त्याला कोणी हाक मारली होती. टेम्पोवाल्याने विचारलं, "गाडी कौनसी है, चाचा?" काका म्हणाले, "होडी है." तो हात जोडून निघून गेला.

घोटाळा झाला तो पाण्याचा. होडीचं इंजिन समुद्राचं पाणी घेऊन गार होतं. त्याला कधी तहान लागलेली कोणी पाहिलेलीच नाही. मेकॅनिक मोठा रेडिएटर बसवू या म्हणत होता, तर काकांनी हट्टाने एका भंगार टेम्पोचा इवलासा बसवून घेतला. "एवढी वर्षं चाललं, कधी पाणी कमी पडलं काय?" रणात शिरल्यावर ऊन चढलं आणि बॉनेटमधून वाफ. थांबायचं, गार होऊ द्यायचं, कॅन ओतायचा, पुढे जायचं, पुन्हा वाफ. दुपारपर्यंत आमचं बहुतेक पिण्याचं पाणी इंजिन पिऊन बसलं. चहूकडे सपाट, भेगाळलेली जमीन, वर पांढरा थर. काकींनी बोटाने थोडा उचलून जिभेवर ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या. "मीठ! इथं पण मीठच दाखवायला आणलंस मला?" काकांचा चेहरा उजळला. "मग! समुद्रच होता हा. मी बोललो नव्हतो?"

एक कॅन आणि एक बाटली उरली होती. कॅन माणसांना की इंजिनाला, असा प्रश्न होता. मी माणसांच्या बाजूने बोलू लागले तर काकी म्हणाल्या, "त्याला दे. तो आपल्याला नेईल, आपण त्याला नेणार हाव काय?" मागे लांबवर मिठागर करणाऱ्यांचं एक झोपडं दिसलं होतं. जीप हलकी असली तर कमी तापेल, म्हणून काकांनी आम्हाला ताडपत्रीच्या सावलीत सामानासह बसवलं आणि एकटेच पाणी आणायला गेले.

ऊन कलू लागलं तरी काका आले नाहीत. मग वारा सुटला आणि सगळं क्षितिज धुळीत बुडालं. मी फोन वर धरून हिंडत होते, रेंज नव्हती. जीप कुठे तरी रुतली असणार, मिठागराचे लोक ती ट्रॅक्टरला बांधून आणणार, आणि मला मैत्रिणीला खरं सांगावं लागणार, हे मला दिसत होतं. त्याहून वाईटही दिसत होतं. काकी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मी बाटलीकडे हात नेला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी मान किंचित तिरकी केली. मला वाऱ्याशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. काकी उठल्या, पदर खोचला, स्टोव्ह पेटवला, त्यावर पातेलं ठेवलं आणि ती शेवटची बाटली पुरी त्यात ओतली.

"काकी! काय करताय! प्यायला एवढंच आहे!"

"आधण ठेवलंय. आला तो."

"कुठे आला? काही दिसत तरी आहे का?"

"दिसायला कशाला पायजे?" त्या तांदूळ धुवायचं सोडून नुसते निवडत म्हणाल्या. "जल्मभर किनाऱ्यावर हेच केलं. पन्नास होड्यांतून आपली वळखायची आणि भात टाकायचा."

बऱ्याच वेळाने मलाही ती धडधड ऐकू आली. धुळीतून आधी नाळ निघाली, मग काका, कमरेपर्यंत चिखलाने माखलेले. जीप रुतली होतीच. त्यांनी नांगर लांब नेऊन जमिनीत पुरला, दोर चाकाला गुंडाळला आणि इंजिनाने स्वतःलाच ओढून बाहेर काढलं. कोणाची मदत घेतली नाही. "नांगर तळ धरतो बघ अजून," एवढंच ते म्हणाले आणि भरलेले कॅन उतरवायला लागले. भात शिजला होता.

जीप स्वतःच्या चाकांवर परत आली, हे मी साक्षीदार म्हणून सांगितलं. मैत्रिणीने जीपबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. पण काकांचे गुडघे आता लांबच्या प्रवासाला तयार नसतात आणि जीप गल्लीच्या तोंडाशी उभी असते, नाळ समुद्राकडे करून. संध्याकाळी ते तिच्यात बसून थोडा वेळ इंजिन चालू ठेवतात. गंजू नये म्हणून, असं सांगतात. डिझेल फुकट जाळणं मला मान्य नाही, आणि हे मी त्यांना बोलायला एकदा घरी गेलेही होते. पण दारातच थांबले. गल्लीत धडधड सुरू झाली होती, आणि आत स्वयंपाकघरात काकींनी मान किंचित तिरकी करून पातेल्यात पाणी ओतलं होतं.