गूळ-खोबऱ्याची वाटी

देवावर माझा विश्वास आहे, पण त्या आठवड्यात तो किती टिकला ते विचारू नका. आमचे हे पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. छाती भरली, दम लागला म्हणून दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं. श्वास मोकळा झाला, पण माणूस बदलला. हात थरथरायला लागले, समोरचं धुरकट दिसू लागलं. जन्मात मला कधी चढ्या आवाजात न बोललेल्या माणसाने पाण्याचा पेला भिंतीवर भिरकावला. साखर कधीच नव्हती, ती चारशेवर गेली. आता हे हात आणि हे डोळे गेलेच, असं मला वाटलं.

"ते औषध बंद करा हो," म्हणून मी डॉक्टरांच्या मागे लागले.

"एकदम बंद नाही करता येत, जिवावर बेतेल. साखर त्यानेच चढते, त्यासाठी इन्सुलिन देतोय. पण उतरत का नाही? बाहेरचं काही देता का?"

"छे, इथलंच जेवण."

आणि माझ्या लेखी ते खरंच होतं. माहेरच्या, रोह्याच्या ग्रामदैवताचा, धावीर महाराजांचा फोटो मी उशाशी ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवायचा आणि तो ह्यांना भरवायचा. प्रसादाला कोण खाणं म्हणतं? उलट साखर चढली तशी मी घाबरून वाटी मोठी केली.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवरच्या आपल्या भावाला घरी न्यायला कासू गावच्या एक आजी आल्या होत्या. मी घास उचलला, तोच त्यांनी हात पुढे केला. "पयला मला दे गो." प्रसादाला नाही कसं म्हणणार? दिला. चघळता चघळता त्या वाटीकडे बघत राहिल्या.

"येवढा गूळ? आन् ह्यांना साखर हाय ना? डॉक्टरला सांगितलंस?"

"आजी, प्रसाद आहे हा."

"व्हय गो. पन पोटात गेल्यावर गूळच ना? देव काय रागवायचा नाय. जा, सांग जा."

हातातली वाटी मी खाली ठेवली. मी जाऊन सिस्टरना सगळं सांगून टाकलं. डॉक्टर ओरडतील वाटलं होतं, ते नुसतं "बरं झालं सांगितलंत" म्हणाले. वाटी बंद झाली. दोन-तीन दिवसांत साखर उतरू लागली, मग औषधही हळूहळू कमी केलं. त्या सकाळी मी सिस्टरकडून परत आले तेव्हा मात्र शेजारची खाट रिकामी होती. आजींचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

त्यांना महाराजांनीच पाठवलं असं माझं मन म्हणतं. कुणी हसलं तर हसू दे. देवावर सोपवलं म्हणत मी सगळं माझ्याच मुठीत धरून बसले होते, हे मात्र मला त्यांच्यामुळे कळलं.

परवा हे पुन्हा कारखान्यात निघाले. देवासमोर उभे राहून सवयीने तळहात पुढे केला. त्या हाताला आता कंप नव्हता. मी त्यावर तुळशीचं एक पान ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं, आणि डोळे पुसले.