करपलेल्या पानांत बंदूक

बावीस वर्षांची होते, आठवी पास होते, आणि आमच्या आळीत माझ्याएवढं शहाणं कोणी नाही अशी माझी पक्की खात्री होती. आज ती पोरगी समोर आली तर तिला आधी पोटभर जेवू घालीन आणि मग कान पिरगाळीन.

ऐंशीनंतरची वर्षं. होळी नावाच्या बाजाराच्या पलीकडे आमची केळीची वाडी. टँकरवाले आसपासच्या विहिरींना पंप लावून दिवसभर पाणी उपसायचे आणि स्टेशनकडच्या नव्या इमारतींना विकायचे. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं, केळीची पानं कडेनं करपत होती. टँकर थांबले नाहीत तर वाडी जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून तहसील कचेरीवर मोर्चा ठरला.

चार दिवस आधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हुकूम लागला. बायकांना तो मीच वाचून दाखवला, खड्या आवाजात. मोर्चात बंदूक, तलवार, भाला, लाठी बाळगायला मनाई; परवाना असला तरी मनाई. परवान्याचं तर मी दोनदा वाचलं, त्यांना कळावं म्हणून.

आमच्याकडे ठासणीची बंदूक होती. परवाना सासऱ्यांच्या नावे, वाडीतली माकडं हाकलायला. पण तिचा खरा मान वेगळा. गावदेवीची पालखी निघाली की सासरे ती खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे चालायचे. मागे पालखी, मग गाव. मोर्चाच्या दिवशी मात्र त्यांनी ती खुंटीवरून काढलीच नाही. माझी चुलत जाऊ म्हणालीच, "आज मामंजींचा खांदा रिकामा. साहेब ओळखायचा कसा त्यांना?"

ते मला लागलं. अख्खा गाव सरकारदारी निघालाय आणि पुढे बंदूक नाही? बायका करपलेल्या पानांचे भारे डोक्यावर घेऊन जाणार होत्या, साहेबाच्या पायरीवर टाकायला. माझ्या भाऱ्यात मी बंदूक बांधली. बार भरलेला नाही, म्हणजे ती नुसती नळी, आणि नळीला हुकूम लागत नाही, असा कायदा मी चुलीपुढे बसून केला.

मान मोडत होती, पण चालले ऐटीत. वाटेत पोलिसांनी पुरुषांच्या काठ्या काढून घेतल्या, एका म्हाताऱ्याची टेकायची काठीसुद्धा. बायकांच्या पानांकडे कोणी पाहिलं नाही. मी मनात हसले.

कचेरीच्या फाटकाशी साहेब बाहेर आला. निवेदन द्यायला सासरेच पुढे झाले. मी भारा उतरवला, पानं बाजूला केली आणि पालखीच्या दिवशी द्यायचे तशी बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून त्यांच्यापुढे केली.

कोणीतरी "बंदूक" म्हणालं, एवढंच. साहेब आत गेला, फाटक लागलं, लाठ्या उठल्या, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. फौजदारानं विचारलं, कुणी आणली. आळीतली सगळ्यात शहाणी बाई खाली बसून सांडलेली पानं गोळा करू लागली.

"माझी आहे," सासरे म्हणाले. "मीच आणली."

"भिंतीवरचा हुकूम वाचला नव्हता?"

"आमच्या घरात वाचता येत नाही कोणाला."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बंदूक जप्त झाली, परवाना गेला, म्हातारपणी त्यांच्यामागे कोर्टाच्या तारखा लागल्या. निवेदन त्यांच्या बंडीच्या खिशातून तसंच घरी आलं, घामानं भिजलेलं. पाण्याचं कोणी बोलेना, जो तो बंदुकीचंच बोले. पुन्हा मोर्चाची परवानगी मागायला गेलं की उत्तर ठरलेलं: तुमच्या मोर्चात हत्यारं निघतात. टँकर चालूच राहिले. हुकूम चुकीचा होता असं मात्र मी कधीच म्हटलं नाही. गर्दीत दुसऱ्या कुणाच्या हातात बंदूक दिसली असती तर सगळ्यात आधी मीच पळाले असते.

सासरे मला एका शब्दानं बोलले नाहीत. पालखीपुढे ते चालायचे तसेच, फक्त उजवा हात अधूनमधून खांद्याशी जायचा आणि खाली यायचा.

बंदुकीच्या जागी आता मी होते. माकडं आली की वाडीत उभी राहून पत्र्याचा डबा बडवायचे. पुढे केळीला घड धरेनासे झाले, तशी माकडंही यायची थांबली. त्यांनी तरी यायचं कशाला? मी आपली सवयीनं बडवत राहिले. एके दिवशी सासरे ओट्यावरून म्हणाले,

"सूनबाई, ठेव तो डबा. राखायला काही राहिलं नाही."