भाटाची पोथी

निजामाच्या राजवटीत आमच्या पाटोद्याकडच्या डोंगरात एक म्हातारा भाट यायचा. घराघरांची वंशावळ त्याच्या पोथीत असायची. मी त्याच्याशी एकदाच बोलले, प्लेगानं माझा नवरा नेला त्या साली. घरात मी आणि लेक, दोघीच उरलो होतो.

ओट्यावर बसून त्यानं आमच्या अकरा पिढ्या वाचल्या. प्रत्येक नावावर बोट ठेवून जरा थांबायचा. शेवटी नवऱ्याचं नाव आलं. त्यापुढं त्यानं मेल्याची बारीक खूण केली, शाईवर फुंकर घातली.

“पुढं कोण?”

“लेक हाय. पाच वर्सांची.”

त्यानं बोरू खाली ठेवला. “लेकी सासरच्या पोथीत जात्यात, बाई.”

“मग मी सासरीच हाय की. माझं नाव दावा.”

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. बोटाला थुंकी लावून एकेक पान मागं उलटत पार पहिल्या पानापर्यंत गेला.

“न्हाई,” तो म्हणाला. मग पोथी मिटत, “माझ्या आईचं बी न्हाई कुटं.”

मी सूपभर ज्वारी आणली. त्यानं सुपाला हात लावून कपाळाला लावला, ज्वारी तशीच ठेवली आणि आपलं तट्टू हाकलं.

लेक वेशीपर्यंत त्याच्या मागं धावत गेली, आपलं नाव ओरडून सांगत.