आत्यांच्या वहीतली चार उड्डाणं

यश मिळालं की हिरमुसणारी आणि अपयश आलं की चेहऱ्यावर तेज चढणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. तळेगावकडच्या एका कारखान्यात तिसावर वर्षं त्यांनी नकाशे गिरवले. दुसऱ्यांनी आखलेल्या यंत्रांच्या रेषा शाईनं, हात न थरथरता, पारदर्शक कागदावर उतरवायच्या हे त्यांचं काम. पुढे संगणक आले, तो विभागच उठला आणि आत्या लोणावळ्याच्या आपल्या दोन खोल्यांत एकट्या येऊन राहिल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं, कारण विचारलं की म्हणत, "मापात कुणी बसलं नाही." माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्याबद्दल एकच चौकशी केली, "मुलाला चष्मा आहे का?" सासरच्यांना वाटलं, म्हातारीला रूपाची काळजी. खरी गोष्ट अशी होती की त्यांना लांबचा कोन अचूक वाचणारा माणूस हवा होता, आणि तो घरातच मिळत असेल तर बाहेर शोधायची गरज नव्हती.

कोन वाचायचा होता रॉकेटचा. हे खूळ त्यांच्या डोक्यात एका दिवाळीत शिरलं. शेजाऱ्यांचा एक बाण वाकडा सुटला, आत्यांच्या खिडकीतून आत आला आणि नवा पडदा जाळून विझला. दुसरी कुणी असती तर गल्ली डोक्यावर घेतली असती. आत्यांनी बाणाची काडी मोजली, वजन केलं आणि शेजाऱ्यांच्या दारात जाऊन शांतपणे सांगितलं, "तुमची काडी तीन इंच आखूड आहे. लांब असती तर सरळ गेला असता." पडद्याचा विषयच नाही. शेजाऱ्यांना हा टोमणा वाटला आणि त्यांनी वर्षभर अबोला धरला. आत्यांना अबोल्याचा पत्ताच लागला नाही, कारण तोवर त्या कागदाच्या नळ्या वळण्यात, हलक्या लाकडाचे पंख कापण्यात आणि टोकं घासण्यात गढून गेल्या होत्या. दारू भरलेली छोटी तयार मोटर तेवढी त्या टपालानं मागवत. बाकी सगळं हाताचं.

रॉकेट हवेत सरळ जाईल की नाही हे आधी कळावं म्हणून ते दोरीनं बरोबर मधे, तोलाच्या ठिकाणी बांधायचं आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. ही परीक्षा आत्या भर रस्त्यात घेत. पांढरे केस, नऊवारी नव्हे पण तितकीच जाडजूड सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि डोक्याभोवती घोंघावणारी नळी. एका भाजीवालीनं हात जोडून विचारलं, "आत्या, माझ्या सुनेवरून पण एकदा उतरवाल का?" आत्या म्हणाल्या, "तिचं वजन किती?" असं वजन त्या प्रत्येक गोष्टीचं करत. सोनाराकडचा असतो तसा काटा त्यांच्या ओट्यावर असे आणि त्यावर डिंकाचा थेंब, दोऱ्याचं टोक, आमच्याकडे पाठवायची लिंबाच्या लोणच्याची फोडसुद्धा चढे.

पण त्यांचा खरा जीव होता छत्रीत. रॉकेट वर पोचलं की आतून एक छोटी छत्री बाहेर पडून उघडायची आणि ते अलगद खाली यायचं. लोणावळ्यात वर्षातले पाच महिने कपाटातली मिठाची बरणीसुद्धा रडते; तिथं पातळ प्लास्टिकची घडी चिकटून बसे आणि छत्री उघडत नसे. दमट हवेतली छत्री हा आत्यांचा जन्माचा विषय झाला. कुठली पावडर लावायची, किती घड्या घालायच्या, कुठल्या बाजूनं, यावर त्यांनी वह्या भरल्या. उड्डाण नीट झालं तर वहीत एकच ओळ, "नीट गेले, नीट आले." आणि छत्री अडकून रॉकेट जमिनीत रुतलं की तीन पानं, आकृत्यांसकट, अशा सुरेख अक्षरात की लग्नपत्रिका वाटावी. अशा दिवशी त्या परतताना कामशेतला थांबून मला भजी खाऊ घालत. चांगल्या उड्डाणानंतर आम्ही उपाशी परतत असू.

उड्डाणं व्हायची धरणाजवळच्या तिकोणा पेठेत. तिथल्या एका शेतकऱ्याचं, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, भाताचं खाचर कापणीनंतर मोकळं असे. माघात मी रविवारी आत्यांना गाडीवर बसवून तिथं नेई. आत्या आधी जमिनीवर बादलीभर पाणी शिंपडत, गवत पेटू नये म्हणून. मग टेपनं मोजून मला शंभर मीटर लांब उभं करत. हातात कोनमापक, त्याला लोंबता दोरा आणि खडा. रॉकेट सगळ्यात वर पोचलं की दोरा चिमटीत धरायचा, आकडा वाचायचा आणि धावत येऊन सांगायचा. पहिल्या वर्षी आबांनाही कौतुक होतं. "आत्याबाई, बाण लय वर गेला की! घार भ्याली," असं ते ओरडून सांगत. पुढं पुढं ते म्हशींकडे जास्त आणि आभाळाकडे कमी बघू लागले.

मग आत्यांची नजर गेली. एकदम नाही, मधूनच गेली, शब्दशः. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, उपाय फारसा नाही. आत्यांनी आम्हाला ही बातमी यंत्राचा दोष सांगावा तशी सांगितली, "मधलं जाणार, कडेचं राहणार. म्हणजे डोंगर दिसतील, रॉकेट दिसणार नाही." आणि लगेच मला म्हणाल्या, "जावईबापू, आता कोनावर भागणार नाही. सगळंच तुम्ही बघायचं. वहीही तुम्हीच लिहायची." त्या बोटांनी चाचपत पंख चिकटवू लागल्या. मी बघे आणि सांगे. त्या मान एका बाजूला कलती करून, कान माझ्याकडे करून ऐकत. मला ते काम आवडत होतं. माझ्यासारख्या बँकेतल्या माणसावर कुणी इतका विश्वास टाकलेला नव्हता.

त्या हिवाळ्यात त्यांनी सगळ्यात मोठं रॉकेट केलं. सहा महिने लागले; पावसापाण्यानं गळू नये म्हणून नळीला वॉर्निशचे चार हात दिले. खाचरात ते उभं केल्यावर मला दिसलं की त्याचा एक पंख वाकडा बसलाय. फार नाही, पण डोळ्याला खुपेल इतका. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. पण आत्या तिथं उन्हात उभ्या होत्या, नळीवरून हात फिरवत होत्या, आणि म्हणाल्या, "हात अजून शाबूत आहेत बघा." मी शंभर मीटरवर जाऊन उभा राहिलो.

रॉकेट सुटलं, दोन घरांच्या उंचीवर गेलं, वळसे घेऊ लागलं आणि आडवं होऊन डोंगराच्या पायथ्याच्या झाडीत घुसलं. छत्री उघडलीच नाही. आबा त्या दिवशी इंदुरीला लग्नाला गेले होते. बघणारा मी एकटा. परत चालत येताना शंभर मीटर मी एकच विचार करत होतो, की हे आत्यांना कोणत्या तोंडानं सांगू.

"आवाज जरा वेगळा आला का हो?" आत्यांनी विचारलं.

"वारा होता," मी म्हणालो. "छान गेलं, आत्या. सरळ. छत्री उघडली, पण वाऱ्यानं धरणाकडे नेलं. पाण्यात पडलं."

"कोन?"

"अठ्ठावन्न."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे एकशेसाठ मीटर," त्या म्हणाल्या. मी वहीत लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

खोटं एकदा बोललं की त्याला सोबत लागते. आत्यांनी माझ्या नोंदीवरून निष्कर्ष काढला की छत्री मोठी आहे, म्हणून भरकटते. त्यांनी ती लहान केली. पुढचं रॉकेटही वाकड्या पंखाचं झालं आणि बांधावर आपटलं. मी म्हणालो, भरकटलं, सापडलं नाही, आणि तुकडे पिशवीत घालून घरी आणले. त्यांनी छत्री आणखी लहान केली. असं वर्षभरात चार वेळा झालं. चौथ्या वेळी छत्री चहाच्या बशीएवढी उरली होती. "एवढ्याशा छत्रीला वारा नेतोच कसा?" असं म्हणत त्या रात्रंदिवस आकडेमोड करत होत्या, मला जुनी पानं पुन्हा पुन्हा वाचायला लावत होत्या. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "मला वाटतं माझं गणितच गेलं, जावईबापू. डोळ्यांपाठोपाठ तेही जातं का?" मी त्यांना आल्याचा चहा करून दिला.

वैशाखात आबा लोणावळ्याला बाजाराला आले होते. ते थेट आत्यांच्या दारात गेले, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. "आत्याबाई, तुमचा त्यो मोटा बाण घावला बगा. करवंदं काढाया गेलतो, तर जाळीत मुंडी खुपसून हुता. म्हनलं, पोचता करावा. तुमी आशेवर आसाल." त्यांनी पाणी घेतलं, करवंदांची पिशवी ठेवली आणि गेले. भला माणूस.

आत्यांनी मला फोन करून फक्त "या" म्हटलं. मी गेलो तेव्हा रॉकेट टेबलावर होतं आणि आत्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"धरण सरकलं म्हणायचं का करवंदीच्या जाळीपर्यंत?"

त्यांनी नळीतून घडी बाहेर ओढली आणि टेबलावर माझ्याकडे सरकवली.

"ही छत्री. हात लावून बघा. घडी माझी आहे. पावडरसुद्धा तशीच आहे. ही उघडलेली नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आत्या."

"वाटलं असतं. दुपारच्या चहापर्यंत वाटलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही माझं अख्खं वर्ष नेलंत. बाकीची तीन?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मला वही काढायला लावली, चारही नोंदींवर एकेक आडवी रेघ मारायला लावली आणि खाली खरं लिहायला लावलं. त्या मधेमधे प्रश्न विचारत होत्या, किती उंचीवर वळलं, कुठल्या बाजूला. मग म्हणाल्या, "पंख वाकडा होता हे उडायच्या आधी दिसलं होतं का?"

"हो."

"किती वाकडा?"

"तांदळाच्या दाण्याएवढा."

"कुठल्या तांदळाच्या? बासमतीच्या?"

"इंद्रायणीच्या."

"म्हणजे पाच मिलिमीटर." त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटं एकमेकांवर चोळली, बराच वेळ. "पाच मिलिमीटर माझ्या बोटांना कळले नाहीत," त्या म्हणाल्या. "हे मला तेव्हाच सांगितलं असतंत तर काहीतरी साचा केला असता. लाकडी चौकट केली असती. तेव्हा जमलं असतं."

आता जमणार नव्हतं, कारण वर्षभरात कडेचंही धूसर झालं होतं. त्यांनी नळ्या, पंख, काटा सगळं पेटीत भरलं. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू द्या. हे मला येतं."

त्यांनी अबोला धरला नाही. मी गेलो की चहा होई, बँकेची विचारपूस होई, जावयाचा मान राहिला. फक्त एक गोष्ट बंद झाली. काही दिसण्याचं असलं की त्या मला विचारत नसत. साडीचा रंग कुठला, हे त्या माझ्या बायकोला विचारत. पत्र आलं तर वरच्या मजल्यावरच्या बाईंकडून वाचून घेत. एकदा रस्ता ओलांडताना मी हात धरलेला असूनही त्यांनी पलीकडच्या रिक्षावाल्याला हाक मारली, "अहो, गाडी येतेय का?" तो म्हणाला, "न्हाई आत्या, या." मग त्या निघाल्या. सव्वा वर्ष असं चाललं. बायको म्हणायची, सवय झाली असेल तिला, तू फार मनाला लावून घेतोस. पण मला ठाऊक होतं.

परवाच्या श्रावणात खंडाळ्याला नात्यातल्या एका बारशाला गेलो होतो. आत गोंगाट फार, आत्या गुदमरल्या, म्हणून मी त्यांना बाहेर आणलं. बंगल्याच्या मागं दरी आहे; तिथं बाकावर बसलो. गार वारा होता. खालून आगगाडीचा आवाज येत होता. मग त्यांनी मान जराशी कलती केली.

"काय दिसतंय हो समोर?"

मी इकडेतिकडे पाहिलं. आमच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. समोर दरी, धबधबे, हिरवे कडे असं काय काय असतं ते मला पाठ होतं; त्यांनाही असणार.

"काही नाही, आत्या," मी म्हणालो. "नुसतं धुकं आहे. कठडा दिसतोय, त्याच्या पलीकडे काही नाही."

"कठडा कसला?"

"लोखंडी. हिरवा रंग दिलाय. दोन ठिकाणी पोपडे निघालेत."

"कुठं?"

"एक कोपऱ्यात. एक आपल्या समोर, खालच्या बाजूला. तिथं गंजही आहे."

त्यांनी पदर खांद्याभोवती घट्ट ओढून घेतला. आतून कुणीतरी पेढ्यांसाठी हाका मारत होतं. त्या उठल्या नाहीत.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.