आत्यानं दिलेलं नाव

आत्या कुणालाही पहिल्या भेटीत नुसतं नाव विचारून थांबत नसे. लगेच पुढचा प्रश्न यायचा, "म्हणजे काय त्याचा अर्थ?" परळच्या आमच्या चाळीत येणारा पोस्टमन, सुके बोंबील विकणारी कोळीण, शेजारच्या खोलीतली नवी नवरी, कुणाचीच त्यातून सुटका नव्हती. अर्थ सांगता आला नाही, तर आत्या डोळे अर्धवट मिटून ते नाव जरा वेळ तोंडातल्या तोंडात घोळवी आणि म्हणे, "असू दे. कुणीतरी हौसेनं ठेवलंय, एवढं कळतंय."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर मालवणकडून भावाच्या घरी मुंबईला आली आणि बाळंतपणं करायला शिकली. शिकवलं ते दादरच्या एका जर्मन डॉक्टरीणबाईंनी. यहुदी माणसांना तिकडे जगणं मुश्कील झालं, तेव्हा त्या बाई लढाईच्या आधी देश सोडून इथं आल्या होत्या. धाकटी बहीण मागं राहिली. तिचं नाव इडा. सुरुवातीला तिची पत्रं यायची, मग थांबली. दुपारी दवाखाना रिकामा असला की बाई मोडक्या हिंदीत बहिणीच्या गोष्टी सांगत, आणि आत्या जमिनीवर बसून कापसाचे बोळे वळत ऐकत राही. बर्फ, सफरचंदाची झाडं, नदीकाठचं घर. यातलं काहीच न पाहिलेली आत्या पुढं आम्हाला ते सगळं असं सांगायची, की तिचं माहेर मालवणला नसून त्या नदीकाठीच असावं. "इडा म्हणजे कष्ट करणारी," ती सांगे. "आणि ही बया घरातली सगळ्यात आळशी. उन्हं वर येईस्तोवर अंथरुणात."

लढाई संपली, तरी इडाचा काही ठावठिकाणा लागला नाही. पुढं बाई मुंबई सोडून दूरदेशीच्या नातलगांकडे निघून गेल्या. त्याच महिन्यात माझा जन्म झाला.

आईनं माझं नाव सुमन ठरवलं होतं. पण बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकली, माझ्या कानात कुर्र केलं आणि 'इडा' म्हणाली. जमलेल्या बायकांना वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली. बाबा दारातून म्हणाले, "अक्का, हे कसलं नाव?"

"कष्ट करणारी," आत्या म्हणाली. "गिरणगावात याहून खरं नाव कुठलं सांग."

आणि मी इडा झाले.

शाळेत त्याचं काय होणार होतं ते उघडच आहे. मी वर्गात शिरले की मुली एका सुरात म्हणायच्या, "इडापिडा टळो." एकदा रडत घरी आले, तेव्हा आत्या गॅलरीत माझी वेणी घालायला बसली. मी विचारलं, "आत्ये, मुंबईत माझ्या नावाच्या आणखी किती मुली आहेत?"

कंगवा फिरवत ती म्हणाली, "ख्रिस्ती लोकांत असतील एखाददोन. तिकडे बाईंच्या आजीच्या वेळी म्हणे गल्लीगल्लीत इडा होत्या. मग कमी झाल्या. नावांचं आंब्यासारखं असतं गो. एखाद्या वर्षी मोहर धरतो, एखाद्या वर्षी नाही."

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. मी नऊ वर्षांची असताना संयुक्त महाराष्ट्राचा जोर होता. सकाळी प्रभातफेऱ्या निघत. गाणाऱ्या मुलींची नावं लिहून घेणाऱ्या एका कार्यकर्त्यानं माझं नाव ऐकून पेन्सिल थांबवली. "मराठीच ना तू?" त्यानं थट्टेतच विचारलं, पण मी त्या फेरीत गायले नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, मला नाव बदलून हवंय. त्यांना बरंच वाटलं. आत्या म्हणाली, "मला तिच्या तोंडून ऐकू दे."

"मला सुमन व्हायचंय," मी सांगितलं. तिच्याकडे बघवलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाळ पेंगत असताना आत्यानं मला पाटावर बसवलं. पाळण्यातल्या बाळाला करावं तसं माझ्या कानाशी तोंड आणून कुर्र केलं आणि 'सुमन' म्हणाली. तिच्या पदराला दवाखान्याच्या साबणाचा वास होता. "चांगलं मन," ती म्हणाली, आणि उठून चहा टाकला. बाबांनी शाळेत अर्ज दिला. त्यानंतर जुनं नाव आत्याच्या तोंडून चुकूनसुद्धा आलं नाही.

पुढं एका हरताळाच्या दिवशी लालबागहून एक माणूस धापा टाकत आला. त्याची बायको अडली होती, आणि ट्रामपासून टांग्यापर्यंत सगळं बंद. बाबा नको नको म्हणत असताना आत्यानं पिशवी उचलली आणि दगडांनी भरलेल्या रस्त्यानं त्याच्यामागून चालत गेली. दुसऱ्या दिवशी परतली, ती पिशवी कोपऱ्यात ठेवून झोपली.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात ती कायमची मालवणला जायला निघाली. भाऊच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना माझ्या मनात चार वर्षं अडकलेलं ओठांवर आलं. "आत्ये, एकदा मला इडा म्हण ना."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "नाही गो. ते मी पुढं दिलं."

"कुणाला?"

"हरताळाच्या दिवशी झालेल्या मुलीला. त्या घरानं नुकती बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. बाप म्हणाला, बाई, देवाचं नाव नको, आणि ऐकून कुणाला आमची जात कळेल असलं तर नकोच. मी त्याला अर्थ सांगितला. बाळाची आई गिरणीत सुताची रिळं भरायच्या खात्यात. पडल्या पडल्या हसली. म्हणाली, हे तर माझंच नाव झालं."

"तुला माझा राग आला होता?"

"राग नाही. वाईट वाटलं. पण नाव हाक मारायला असतं. माझ्याजवळ ठेवून मी काय करणार होते?"

बोट सुटली. आत्या कठड्याशी उभी होती, आणि ऊन इतकं होतं की ती कुठवर दिसत होती आणि कुठून दिसेनाशी झाली, हे मला आजही सांगता यायचं नाही. दोन वर्षांनी मालवणहून ती गेल्याची तारच आली.

त्यानंतर एका संध्याकाळी मी कामासाठी लालबागला गेले होते. एका चाळीसमोरून जाताना तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "इडाऽ, वर ये, जेवण वाढलंय."

"ओ," मी म्हणाले.

माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. अंगणात ठिकरी खेळणाऱ्या मुलींतून पाचसहा वर्षांची एक काळीसावळी पोर उठली, फ्रॉकला हात पुसले आणि "आले गं" म्हणत जिन्यावरून धावत वर गेली. बाकीच्या मुलींनी खेळ तसाच चालू ठेवला. त्या नावाला तिथं कुणी हसलं नाही.