मांजरीचा डबा

सिविल लाइन्समधला हा जनावरांचा डॉक्टर माणसांशी बोलतच नाही. तो आमच्या मांजरीकडे पाहून विचारतो, "क्यों रानी, मम्मी ने फिर घर का खिलाया?" आणि तिच्या वतीने बारीक आवाजात उत्तरही स्वतःच देतो, "क्या करूँ, मानती ही नहीं." तो आवाज ऐकला की माझं डोकं उठतं.

मांजरीची किडनी बिघडली होती. तो म्हणे, पाकिटातलंच खाणं द्या. ती पाकिटाला तोंड लावत नव्हती, म्हणून मी कोंबडी-भात मऊ शिजवून देत होते. तिसऱ्या खेपेला रक्ताचा रिपोर्ट आणखी वाईट आला, तेव्हा मी तिच्या कोंबडी-भाताचा डबाच नेऊन त्याच्या टेबलावर आपटला. "डॉक्टर साहब, मुझसे बात कीजिए. इसमें कौन सा ज़हर है?"

कांदा-लसूणही न खाणारा माणूस तो. त्याने झाकण उघडलं, बोटावर थोडा भात घेऊन जिभेला लावला. मग बेसिनपाशी जाऊन बराच वेळ चुळा भरत राहिला.

"नमक है, बहनजी."

"मी घालत नाही," मी मराठीतच ओरडले. पण इथले, उत्तरेकडचे लोक भात अळणी शिजवतात आणि आम्ही मराठी माणसं शिजतानाच मीठ घालतो. भात चढवला की माझा हात आपोआप मिठाच्या बरणीत जातो.

"घर का ही दीजिए. फीका," एवढंच म्हणून त्याने पुढचं कुत्रं आत बोलावलं. एखादा टोमणा मारला असता, तर मला निदान भांडता आलं असतं.