चाळीस लिटर पाण्याची वाफ

“चला, ड्रमामागं एक माणूस कमी झालं,” काकू आईला म्हणाली.

केजच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती आणि मी बॅग वर ढकलत होते. काकूला वाटलं, मला ऐकू आलं नसेल. आईने तिला कोपराने ढोसलं. “गप की. लेकरू चाललंय.”

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि एका ड्रमावर आमचं सगळं घर भागायचं. काकू वाईट बोलली नव्हती, खरं तेच बोलली. मला राग आला नाही. गाडी हलली, आईने डोळ्यांना पदर लावला, अण्णा खिडकीच्या बरोबरीने चार पावलं चालले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. इतकं स्पष्ट वाटलं, की मी घाबरून मान खाली घातली. आपल्यातले बाहेर पडलेले सगळे निघताना रडल्याचंच सांगतात. मीही तेच सांगत आले. शाळा इंग्लिश मीडियमची. मराठीत मन मोकळं करायची सवय सुटली आणि इंग्रजीत ती कधी लागलीच नाही.

पुण्यानंतर आता मी कॅनडात आहे, ओंटारिओमधल्या एका लहान गावात. खाण्याच्या वस्तू तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते आणि डोरीन नावाच्या सत्तरीच्या बाईंच्या घरात खालच्या मजल्यावर भाड्याने राहते. पहिले कित्येक महिने मी नळ बारीक सोडून भांडी घासायची. डोरीनला वाटायचं, नळच बिघडलाय. तिने एकदा प्लंबरसुद्धा बोलावला. मला खरं कारण सांगता आलं नाही.

तिच्या परसात मेपलची दोन जुनी झाडं आहेत. फेब्रुवारी सरताना रात्री गोठवणारी थंडी आणि दुपारी थोडं ऊन असं सुरू झालं, की इथली माणसं झाडाला भोक पाडून रस काढतात आणि तो आटवून पाक करतात. डोरीनचे हात आता थरथरतात, म्हणून गेल्या वर्षी तिने ड्रिल माझ्या हातात दिलं. मी अंगठ्याएवढं खोल भोक पाडलं, नळी ठोकली, खाली बादली अडकवली. लगेच थेंब पडायला लागले. पाण्यासारखेच नितळ, चवीला जरासे गोड.

आमच्या शेतात बोअरची गाडी आली होती तेव्हा तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला होता. आम्ही सगळे पांढऱ्या तोंडांनी उभे होतो. गाडीवाला म्हणाला, “अजून शंभर मारू का?” अण्णांनी नुसता हात हलवला होता. ते आठवून मी त्या बादलीपुढे खूप वेळ उभी राहिले. डोरीनला वाटलं, मला थंडी वाजतेय. तिने स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर घातली.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला सगळं दाखवलं. परसात चुलाणावर मोठा पसरट ट्रे, त्यात रस, वर वाफेचे लोट.

“किती निघंल ह्याचं?” आईने विचारलं.

“चाळीस लिटरचा एक लिटर.”

“म्हंजी एकुणचाळीस लिटर हवेत सोडायचं? तुला येड लागलंय का! हितं तेवढ्यात आमचे दोन दिवस निघत्यात. आटवती कावून? पी की तसंच!”

मी हसले, पण त्यानंतर मला त्या वाफेकडे नीट बघवेना.

तेवढ्यात अण्णांनी फोन ओढून घेतला. अण्णा सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. मोठ्या बंद पॅनमध्ये रस आटत असताना काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि साखरेने दाणा कितपत धरलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही, ऊस नाही. कारखाना बंद पडला. तेव्हापासून ते घरी होते, आणि फोनवर “बरं हाय” याच्या पलीकडे बोलत नव्हते. ते आज कॅमेऱ्यात नाक खुपसून विचारत होते, “फेस आलाय बग. तूप हाय का? एक थेंब टाक. बसतो का न्हाई बग.”

मी तूप टाकलं. फेस बसला. डोरीन लोणी टाकते. तिला हे फार आवडलं.

“आता दाणा धरू दे,” अण्णा म्हणाले. “थांब माय. अजून थांब. घाई न्हाई करायची.”

मी थांबले. पाकाला दाणा धरू द्यायचा नसतो, हे मला माहीत होतं. लॅबमध्ये मी दिवसभर तेच तर बघते. पण अण्णांना थांबवायचं माझ्या तोंडून निघेना. ट्रेमध्ये घट्ट, तपकिरी साखर झाली. उलथन्याने खरवडावी लागली.

आई मागून ओरडली, “कारखाना बंद पडला तरी ह्यांची साखर बंद न्हाई!”

अण्णा हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि हसता हसता ते म्हणाले, “दिवाळीनंतर कारखान्यात बॉयलर पेटणार म्हणत्यात. मी तुझ्यासाठी आमच्या लॅबमधी बोलून ठिवलंय. तुझा तिथला करार संपला की ये.”

करार महिनाभरात संपणार होता. कंपनीने विचारलं होतं, कायमची राहणार का. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. माझं उत्तर ठरलेलं होतं. अण्णांना सांगायचं राहिलं होतं, आणि आता तर ते हसत होते.

पुढचा रविवार आला. झाडांना पालवी फुटायच्या आतली ती शेवटची बादली. मी फोन खिडकीत टेकवला. आईचं कपाळ आणि अण्णांची हनुवटी एवढंच दिसत होतं. गेली तीन वर्षं माझं घर त्या चौकटीत मावतं, आणि त्या चौकटीत मी फक्त चांगलं ऐकवत आले होते: जेवले, झोपले, काम बरं चाललंय.

चमच्याच्या कडेवरून थेंब सुटे पडायचे थांबले आणि दोन थेंब मिळून पापुद्र्यासारखे गळायला लागले, म्हणजे पाक तयार होता.

“थांब जरा,” अण्णा म्हणाले.

“न्हाई अण्णा, झालं,” म्हणत मी ट्रे उतरवला.

 मी पाक कापडातून गाळला, बरणी उजेडाकडे धरली. मधासारखा लालसर, स्वच्छ.

“रंग लई भारी आलाय,” ते सावकाश म्हणाले. “दाणा न्हाई धरला, पण भारी आलाय. तू हितं आली की तुला खरा पॅन दाखवतो. कधी येती?”

डोरीन आत गेली होती. बरणी हातात गरम लागत होती, ती मी खाली ठेवली.

“अण्णा, मी यायची न्हाई,” मी म्हणाले. “मला हितं बरं वाटतंय. निघाले त्या दिवशीच बरं वाटलं होतं, तुमाला सांगितलं न्हाई.”